टरफल मॅडम

खोली भाड्याने मागायला गेले तेव्हा मॅडमनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. उजवा हात पुढे कर म्हणाल्या. मला वाटलं, भविष्य बघतात की काय. त्यांनी माझा तळवा नाकाशी नेला, डोळे मिटले आणि दोनदा लांब श्वास ओढला. मी तेव्हा चोवीस वर्षांची, पांढुर्ण्याचं घर सोडून पहिल्यांदाच बाहेर पडलेली, सौंसरच्या शाळेत शिक्षिका म्हणून. हात ओढून घ्यावा की तसाच राहू द्यावा, तेच कळेना.

"सकाळी मेथी निवडली तू," त्या म्हणाल्या. "अन् बसमध्ये पूर्ण वेळ लोखंडी दांड्याले धरून उभी होती. बसाले जागा नाही भेटली."

दोन्ही खरं होतं. मी इतकी गडबडले की खोली न बघताच हो म्हणून बसले. मग त्यांनी अटी सांगितल्या. घरात अगरबत्ती लावायची नाही, अंगाला पावडर नाही, केसांना वासाचं तेल नाही, फिनाईलने फरशी पुसायची नाही. भाड्याचं बोलणं शेवटी मीच काढलं.

मॅडम त्याच शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांचे यजमान सिंचन खात्यात होते. ते वारून बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. गावात हे लहानसं घर आणि बोरगावच्या रस्त्याला दीड एकराचा संत्र्याचा बगीचा, एवढं त्यांचं होतं. बगीच्याला लागूनच त्यांच्या दिराचा बगीचा. दोघांत मिळून एक विहीर. दीर आणि जाऊ शेतातच घर बांधून राहत आणि मॅडमच्या वाट्याची झाडंही दीरच बघायचे. मी त्या दोघांना काका-काकू म्हणायची.

गावातली मुलं त्यांना टरफल मॅडम म्हणत. दहावीच्या पुस्तकात बुरशीला जेमतेम एक पान होतं, पण मॅडम त्या एका पानावर महिना काढायच्या. थंड देशांतल्या ओकच्या जंगलात, जमिनीखाली, झाडाच्या मुळांना धरून एक बुरशी वाढते, गाठीसारखी, काळी, खडबडीत. तिला ट्रफल म्हणतात. वरून काहीच दिसत नाही. लोक कुत्री घेऊन, पूर्वी तर डुकरं घेऊन, वासावर ती शोधत फिरतात. काही जण रोपांच्या मुळांना त्या बुरशीची लागण करतात, झाडं लावतात आणि पुढे दहा-दहा वर्षं नुसती वाट बघतात. हे सगळं त्या इतक्या जीव तोडून सांगायच्या की पोरांना वाटायचं बाई नुकत्याच तिकडून आल्या. ट्रफलचं टरफल व्हायला मग कितीसा वेळ लागणार!

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत त्यांनी एकदा अख्खा वर्ग नापास केला होता, ही गोष्ट मी जॉईन झाले त्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये ऐकली. मायक्रोस्कोपखाली कांद्याच्या पापुद्र्याची स्लाईड ठेवली होती. सगळ्या मुलांनी पुस्तकातली नीटस चौकटी-चौकटींची आकृती काढून दिली. मॅडमनी स्लाईडवरचा पापुद्रा मुद्दाम चुरगळून ठेवला होता. खाली जे दिसत होतं ते कोणीच काढलं नव्हतं. पालक भांडायला आले, प्राचार्यांनी समजावलं, मॅडम हलल्या नाहीत. शेवटी परीक्षा पुन्हा घ्यावी लागली.

निवृत्तीच्या दोन वर्षं आधी बोर्डाच्या परीक्षेच्या ड्यूटीवर त्यांना दूर मंडल्याकडच्या एका गावात पाठवलं होतं. ड्यूटी संपली तरी कसल्याशा कामासाठी त्या पुन्हा जूनअखेर तिकडे गेल्या. शाळेत स्वयंपाक करणारी एक गोंड बाई होती. तिने त्यांना सरईच्या जंगलात नेलं. सरई म्हणजे सालवृक्ष. आपल्याकडे सागच साग, तिकडे सरईच सरई. त्या बाईने झाडाखाली काडीने माती उकरली आणि आवळ्याएवढ्या गोल गाठी काढून हातावर ठेवल्या. पुटपुरा. वरून मातकट, कापला की आतून लोण्यासारखा पांढरा. दाताखाली वरचं साल कुरकुरीत वाजतं. तिने कांदा-लसूण आणि लाल मिरची घालून केलेली भाजी मॅडमनी पत्रावळीवर खाल्ली आणि, त्यांच्याच शब्दांत, "मी तिथंच खाली बसून गेली." पिशवीभर पुटपुरे घेऊन त्या बसने निघाल्या. छिंदवाड्यापर्यंत ते काळे पडून फेकायच्या लायकीचे झाले होते.

तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच होतं. हा आपला ट्रफल. आणि तो आपल्या मातीत, बोरगावच्या रस्त्याला, उगवला पाहिजे.

मला हे सगळं कळलं ते त्यांच्या बोलण्यातून, तुकड्या-तुकड्याने. त्याचा अर्थ काय होणार, हे मात्र दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत कळलं नाही. शाळेला सुट्ट्या होत्या. मॅडम म्हणाल्या, चाल शेतात. मी डबा घेऊन गेले. बगीच्यात सहा मजूर कुऱ्हाडी घेऊन झाडं तोडून राहिले होते. फळावर आलेली झाडं. फांद्यांवर लिंबाएवढी हिरवी संत्री, आणि ती फांद्यांसकट धाडधाड खाली येत होती. हवेत संत्र्याच्या पानाचा इतका तिखट वास भरला होता की डोळ्यांत पाणी आलं. मी मॅडमकडे बघितलं. त्या हातात यादी घेऊन ओळी मोजत होत्या.

सौंसरकडे कोणी असं करत नाही. झाड म्हातारं झालं, वाळलं, तर काढतात. फळावरचा बगीचा तोडणं म्हणजे आमच्याकडे भरल्या ताटाला लाथ मारण्यासारखं.

काका विहिरीकडून धावत आले. मला वाटलं आता आरडाओरड होणार. पण ते ओरडले नाहीत. पडलेल्या एका फांदीजवळ उकिडवे बसले, तिच्यावरची हिरवी फळं चाचपली आणि म्हणाले, "वहिनी, हे झाड दादानं लावलं होतं. खड्डा मी खणला होता."

"माहीत आहे मले," मॅडम म्हणाल्या. "म्हणूनच तुमच्याले सांगितलं नाही."

इतकं बोलून त्या पुढच्या ओळीकडे गेल्या. त्या माणसाच्या चेहऱ्याकडे मी बघू शकले नाही.

घरी येताना मी धीर करून विचारलं की एखाद्या कोपऱ्यात सरई लावून नसती का बघता आली. त्यांनी सांगितलं ते शास्त्राला धरूनच होतं. संत्र्यावर डिंक्या पडतो, खोडातून डिंक गळतो, त्यासाठी तीस वर्षं त्या जमिनीत बुरशीनाशक ओतलं होतं. जिथे बुरशी मारायचं औषध रोज चालणार, तिथे बुरशी वाढवायची कशी? पूर्ण जमीन मोकळी करणं भाग होतं. हे सगळं बरोबर होतं. फक्त त्या सांगण्यात काकांचं नाव कुठेच आलं नाही.

काकांनी आठ दिवसांत दोन शेतांच्या मध्ये तारेचं कुंपण घातलं. विहिरीची मोटर सकाळी त्यांची, संध्याकाळी मॅडमची. निरोप असला तर काकू आणायच्या. दहा वर्षं दीर-भावजय एकमेकांशी बोलले नाहीत.

सरईचं बी मोठं हट्टी. झाडावरून पडलं की आठवड्याच्या आत मातीत गेलं पाहिजे, नाही तर मेलं. म्हणून मॅडम जूनमध्ये मंडल्याला जायच्या, ओल्या गोणपाटात पंखवाल्या बिया गुंडाळायच्या, सोबत जुन्या झाडांखालची माती दोन पोत्यांत भरायच्या आणि बस बदलत बदलत सौंसरला यायच्या. त्या मातीतच पुटपुऱ्याचं बियाणं असतं, त्याच्याशिवाय नुसती झाडं कामाची नाहीत. एकदा सिवनीला कंडक्टरने पोती खाली उतरवली, तर मॅडम पोत्यांवर बसून राहिल्या आणि बस पाऊण तास सुटली नाही. पहिल्या वर्षीची सगळी रोपं उन्हाळ्यात करपली. दुसऱ्या वर्षी त्यांनी तुरीच्या ओळींत रोपं लावली, सावलीसाठी. त्यातली चाळीसेक जगली. उन्हाळ्यात त्या प्रत्येक रोपाशी गुडघे टेकून माती हुंगायच्या. ओळखीची माणसं रस्त्यावरून जाताना मान दुसरीकडे फिरवायची.

मध्येच त्यांनी एक गल्लीतली कुत्री पाळली. तिचं नाव लाली. ट्रफलवाल्यांची कुत्री असतात तशी हिला तयार करायची म्हणून वाळलेल्या पुटपुऱ्याचे तुकडे जुन्या मोज्यांत भरून अंगणात पुरायच्या आणि लालीने उकरून काढले की गुळाचा खडा द्यायचा. महिन्याभरात लाली पक्की झाली. मग गल्लीत वाळत घातलेले मोजे नाहीसे व्हायला लागले. शाळेच्या गणवेशाचे, बँकेतल्या साहेबांचे, लोधीखेड्याहून आलेल्या एका नवरदेवाचेसुद्धा. एका रविवारी मॅडमच्या अंगणाचा कोपरा खणला तर सतरा मोजे निघाले, एकाही जोडीचे नाहीत. मॅडमनी ते धुतले आणि घरोघर परत केले. लालीवर त्या रागावल्या नाहीत. शिकवण्यात आपलीच चूक झाली म्हणाल्या.

आणि तरी लोक त्यांच्याकडे यायचे. पावसाळ्यात वारुळावर सात्या, म्हणजे खायची अळंबी, निघतात, सागाखाली कसल्या कसल्या छत्र्या उगवतात. कोणी शेतातून आणायचं, कोणी बाजारातून घ्यायचं, आणि खायच्या आधी टोपली मॅडमच्या दारात यायची. मॅडम एकेक उचलून हुंगायच्या. चांगली ती डावीकडे, वाईट ती उजवीकडे. चाकू लावत नसत. नाकावर त्यांचा इतका भरवसा होता की कापून बघा म्हटलं तर त्यांना अपमान वाटायचा. मी चार वर्षं तिथे राहिले, त्यात त्यांचं एकदाही चुकलं नाही.

मग माझं लग्न झालं, बदली करून घेऊन मी पांढुर्ण्याला परत आले. मुलगी झाली. मॅडमचा महिन्यातून एकदा फोन यायचा. बोलणं सगळं झाडांचं: किती उंच झाली, पानगळ कशी, खाली काही दिसलं का. काही दिसलं नाही. सात वर्षं, आठ वर्षं, काही नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्या आजारी पडल्या, घरीच बऱ्या झाल्या. त्यानंतर मी भेटायला गेले तेव्हा दारातच थबकले. घरात अगरबत्ती जळत होती. देव्हाऱ्यात चंदनाची, भरघोस वासाची. वय झालं, देवाधर्माकडे मन वळलं असेल, असं धरून चालले. बाजूला कोणाचीशी सात्यांची टोपली ठेवलेली होती, निवडून, डावीकडे आणि उजवीकडे.

पांढुर्णा जिल्हा झाला त्याच्या पुढच्या पावसाळ्यात सकाळीच त्यांचा फोन आला. "पुटपुरे निघाले," म्हणाल्या. रविवारी जेवायला ये, पोरीले घेऊन ये. आणि थांबून, "भाऊजीले बोलावलं आहे. येतो म्हणाले."

मला पहिला धक्का बसला तो काका येणार याचा.

रविवारी मी सहा वर्षांच्या मुलीला घेऊन बोरगावच्या रस्त्याला उतरले. सरईची झाडं माझ्या डोक्याच्या कितीतरी वर गेली होती. रुंद पानांखाली ओली सावली, आणि त्या सावलीत तारेच्या कुंपणाला एक फाटक केलेलं. नवं होतं. त्या फाटकातून काका आले, मागे काकू. काका अवघडून उभे होते. मॅडम पुढे झाल्या आणि टोपली त्यांच्यासमोर धरली. तीस-पस्तीस गोल गाठी, मातकट, धुऊन ठेवलेल्या. मॅडमनी एक उचलली, नाकाशी नेली, डोळे मिटले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान आलं की काकूंनी पदराने डोळे टिपले. "थोच," मॅडम म्हणाल्या. "थोच वास."

मग गंमत म्हणून त्यांनी एक गाठ माझ्या मुलीच्या नाकाशी धरली. ती नाक मुरडून म्हणाली की टायरसारखा वास येते. आम्ही सगळे हसलो. मॅडम हसल्या नाहीत, पण ते माझ्या नंतर लक्षात आलं.

एक वाजता झाडाखाली चटया टाकून पंगत बसली. भाकरी, भात, आणि कांदा-लसणाची ती भाजी. पहिला घास मॅडमनी खाल्ला. सगळ्यांनी बघत राहावं असा सावकाश. मग वाढलं. काकांनी दोनदा मागून घेतली. दहा वर्षांनी ते वहिनीला थेट म्हणाले, "चांगली झाली." मुलीला तिखट लागत होतं, तरी मीच तिला दोन घास भरवले. इतक्या वर्षांनी उगवलेलं आहे, खा, असं म्हणून.

अडीचच्या सुमारास मुलगी म्हणाली पोट दुखतं. मी तिला बाजूला नेलं तोवर तिला उलटी झाली, आणि मागे वळले तर काकू झाडाला धरून ओकत होत्या. मला स्वतःला दरदरून घाम सुटला, ओठांना मुंग्या आल्या. काका उभे राहायला गेले आणि चटईवर आडवे झाले. डोळे उघडे, पण आवाज दिला तर उत्तर नाही. मॅडम त्यांच्याशेजारी बसल्या होत्या, त्यांनाही उलट्या चालू होत्या, आणि मधल्या वेळात त्या काकांचं नाव घेऊन हाका मारत होत्या. भाऊजी नाही, त्यांचं नाव. वयाने लहान दिराला त्या नावाने हाक मारताना मी कधी ऐकलं नव्हतं.

शेजारच्या शेतातली पिकअप गाडी मिळाली. मागच्या हौद्यात आम्ही पाच जण. मुलीचं डोकं माझ्या मांडीवर, तिचा चेहरा पांढराफटक. रस्ता सगळा पंधरा मिनिटांचा, पण तो मला आजही संपत नाही. सौंसरला दवाखान्यात एकापाठोपाठ सगळ्यांना सलाईन लावली. काकांचं बीपी इतकं उतरलं होतं की डॉक्टर त्यांच्याजवळून हलेनात. मॅडमनी नर्सला हात लावू दिला नाही. आधी ती पोर, मग भाऊजी, मग जाऊबाई, मग ही, मग मी, असं म्हणत त्या बाकावर बसून राहिल्या आणि शेवटी बसल्या जागीच कलंडल्या.

संध्याकाळी मुलीने पाणी मागितलं तेव्हा मला रडू फुटलं. काका दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आले, तिसऱ्या दिवशी बोलले. त्या तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मॅडमना सहज विचारलं, तुम्ही तर ओळखता म्हणतात सगळे, मग असं कसं झालं? मॅडम भिंतीकडे बघून म्हणाल्या, "मले वास येत नाही. कोरोनापासून येत नाही."

मला त्यांच्या घरातली अगरबत्ती आठवली. तीन पावसाळे ही बाई लोकांच्या टोपल्या हुंगून देत होती.

छिंदवाड्याच्या कॉलेजातल्या एका सरांनी फोटो बघून सांगितलं की हे पुटपुरे नव्हेत. तशीच दिसणारी दुसरी बुरशी आहे, तीही सरईच्याच मुळांवर राहते आणि कोवळ्या झाडांत आधी तीच येते. विषारी, पण जीव सहसा जात नाही. आमचं नशीब.

आणि नवल म्हणजे, लोक मॅडमवर चिडले नाहीत. बिचारीचं नाक गेलं, कोणाला सांगू शकली नाही, एकटी बाई, असंच सगळे म्हणायला लागले. माझा रागही हळूहळू उतरला. काका घरी आल्यावर मॅडम रोज त्यांच्यासाठी पेज घेऊन जायच्या, फाटकातून. काकू फोनवर सांगायच्या की दोघं आता बसून जुन्या गोष्टी काढतात. कोणाच्या मनात काही राहिलं नव्हतं.

दिवाळीनंतर मी मुलीला घेऊन सौंसरला गेले. मॅडमच्या घरी काका-काकू आलेले होते. चिवडा, चहा, गप्पा. मुलगी अंगणात लालीच्या पिल्लाशी खेळत होती. बोलता बोलता तो विषय निघाला. काका म्हणाले, "नाकच गेलं तं माणूस काय करन? वहिनीचा काय दोष त्याच्यात?" काकूंनी मान हलवली. मीही हो म्हणाले.

मॅडम उठून आत गेल्या. आल्या त्या काचेची एक बरणी घेऊन. प्रयोगशाळेत असते तशी, स्पिरिट भरलेली. तळाशी अर्धी कापलेली गाठ. बरणी त्यांनी काकांसमोर स्टुलावर ठेवली आणि स्वतः उभ्याच राहिल्या.

काकांनी विचारलं, हे काय.

"वास येत नव्हता म्हणून त्या दिवशी एक कापली होती मी," मॅडम म्हणाल्या. "आतून जांभळी निघाली. पुटपुरा आतून पांढरा राह्यते. मले माहीत होतं."

त्या बोलत राहिल्या, वर्गात बोलत असतील तशा सरळ आवाजात. पुटपुरा जुना झाला की तोही काळा पडतो, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. दुसरी गाठ कापली नाही. दुसरी कापली असती तर वाढता आलं नसतं. काका फाटकातून येणार होते, दहा वर्षांनी.

मला वाटतं मी तेव्हा उठून उभी राहिले. माझी मुलगी बाहेर हसत होती. या बाईने ती गाठ कापून बघितली होती आणि तरी तसलीच दुसरी माझ्या मुलीच्या नाकाशी धरली होती. हे कोणाला कधी कळलं नसतं. मॅडमनी सांगितलं नसतं तरी चालून गेलं असतं.

काका बरणीकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "मंग तुम्ही सगळ्यांच्या आधी काहून खाल्लं?"

मॅडमनी बरणी स्वतःकडे ओढली.

"मले वाटलं," त्या म्हणाल्या, "मी खाल्लं तं ते पुटपुरेच होतीन."

काका उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. काकू दारापर्यंत गेल्या, मागे वळून बघितलं, मग त्याही गेल्या. मी बरणी उचलली. का उचलली, सांगता येत नाही. तिच्यावर लेबल चिकटवलं होतं. मॅडमच्या वळणदार अक्षरात त्या रविवारची तारीख, आणि खाली वेळ. सकाळचे साडेनऊ. आम्ही जेवायला बसलो होतो एक वाजता.

मी मुलीचा हात धरून बस स्टँडवर आले. निरोप घेतला नाही.

कितीतरी महिने मी फोन केला नाही, त्यांचाही आला नाही. काकूंकडून कळायचं. कोरोनानंतर ज्यांच्या ज्यांच्या टोपल्या हुंगून दिल्या, त्या सगळ्या घरी मॅडम जाऊन आल्या. आपल्याला वास येत नव्हता, नुसती नाटकं केली, घरात वाळवून ठेवलं असेल ते फेका, असं सांगत. काही घरांत त्यांना बसा म्हणाले, काही घरांत दार लावून घेतलं. एका बाईने रस्त्यात सगळ्यांसमोर नाही नाही ते ऐकवलं. मॅडम ऐकून घेत उभ्या राहिल्या आणि तिचं झाल्यावर पुढच्या घरी गेल्या. काकांनी फाटकाला कुलूप घातलं होतं.

या वर्षी जूनच्या शेवटी काकूंचा फोन आला. काकांनी कुलूप काढलं. मॅडमच्या घरी गेले, बसले नाहीत, चहा घेतला नाही. म्हणाले, या वर्षी मी उकरीन अन् मी कापीन, तुम्ही हात लावाचा नाही. काकू म्हणाल्या, तुले वाटलं तं ये.

मी गेले. मुलीला घरी ठेवून गेले.

काका सरईखाली खुरप्याने माती उकरत होते. गुडघे दुखत असावेत, एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत बसल्या बसल्याच सरकत होते. मॅडम चार हात लांब उभ्या, हातात वही. बऱ्याच बारीक झाल्या होत्या. मला बघून त्यांनी मान हलवली, मीही हलवली. बारा गाठी निघाल्या. काकांनी त्या विहिरीच्या काठावर ओळीने मांडल्या आणि खिशातून चाकू काढून एकेक कापली. प्रत्येक गाठ उघडून उन्हात धरली, जवळून बघितली, मगच दुसरी घेतली.

"लिहा, वहिनी," ते म्हणाले. "बाराही जांभळ्या."

मॅडमनी लिहिलं. काकांनी कापलेल्या गाठी एका खड्ड्यात टाकून वर माती लोटली, चाकू पायजम्याला पुसला आणि खुरपं उचललं.

"तिकडची चार झाडं पाह्याची राह्यली," असं म्हणून ते कुंपणाकडच्या ओळीकडे निघाले, आणि मॅडम वही घेऊन त्यांच्या मागे.